निर्वंश शाखेचा ‘राजे’ किताब आमच्याकडे येतो का?

प्रश्न : आमच्या घराण्याच्या थोरल्या पातीकडे संस्थानी काळातला ‘राजे’ किताब आणि एक वाडा होता. ती पाती निर्वंश झाली. सनदेत ‘वंशपरंपरा’ असे लिहिले आहे. धाकट्या पातीला किताब आणि वाडा मिळेल का? किताब ‘नोंदवून’ देण्यासाठी एक जण पैसे मागतो आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : किताब मिळणार नाही, वाडा मिळू शकतो. किताब म्हणजे राज्यकर्त्याने दिलेली मान्यता, ती काढून घेणेही त्याच्याच हातात. खासगी मालमत्तेला मात्र वारसा कायदा लागतो. उदाहरणार्थ, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना ईस्ट इंडिया कंपनीकडून सालीना आठ लाखांचा तनखा होता. 1851 मध्ये ते बिठूरला वारले, तेव्हा दत्तकपुत्र नानासाहेबांना खासगी मालमत्ता मिळाली, तनखा गव्हर्नर जनरल डलहौसीने नाकारला. तंजावरचे शिवाजीराजे भोसले 1855 मध्ये पुत्राविना वारले. कंपनीने गादी संपवली आणि खासगी चीजवस्तूही जप्त केल्या. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला, पण राज्यकर्त्याच्या अशा कृतीत न्यायालयाला हात घालता येत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने 1859 मध्ये ठरवले. तरीही 1862 मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली. गादी दिली नाही. आपल्या जिल्ह्यातले पेठ संस्थानही तिथल्या बेगमेच्या मृत्यूनंतर 1878 मध्ये खालसा झाले.

‘पण सनदेत वंशपरंपरा लिहिले आहे ना?’ लिहिले आहे, पण ते वचन पाळणारी सत्ताच आता उरलेली नाही. संविधानाच्या अनुच्छेद 18 नुसार लष्करी व शैक्षणिक सन्मान वगळता राज्याला किताब देता येत नाही. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेले. राजपत्रात नाव बदलून घेतले, तर बदलते ते फक्त नाव. सनदेतली जमीन वैयक्तिक इनामाची असेल, तर ते इनामही 1952 च्या निर्मूलन कायद्याने संपले आहे.

वाड्याचे तसे नाही. अनुच्छेद 300-अ मुळे कायद्याच्या आधाराशिवाय आज कुणाचीही मालमत्ता घेता येत नाही. शेवटचे मालक हिंदू पुरुष असतील, मृत्युपत्र नसेल आणि वर्ग 1 व 2 चे वारस हयात नसतील, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हक्क गोत्रजांकडे येतो. शेवटची मालक स्त्री असेल, तर क्रम वेगळा लागतो. म्हणून आधी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, मृत्यूचे दाखले व वंशावळ जुळवा आणि वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात वारस प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. किताब नोंदवणारे कार्यालय देशात कुठेही नाही. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका.