घराची ऊर्जादक्षता : इयत्ता सातवीसाठी एक पाठ

उद्दिष्ट. फ्रिजवर चिकटवलेले ताऱ्यांचे चित्र बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. उपकरणांना तारे देण्याची ही पद्धती भारतात २००६ साली सुरू झाली. पुढे २०१८ मध्ये घरांच्या बांधणीसाठी 'इको-निवास संहिता' प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर निवासी इमारतींच्या तारांकनाची योजनाही आली. आपल्या राहत्या घराला असे तारे द्यावयाचे झाल्यास ते कशावर ठरतील, हे विद्यार्थ्यांना स्वतः शोधता यावे, हा या पाठाचा हेतू आहे. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावी. तेच काम कमी विजेत होणे म्हणजे दक्षता. काळोखात बसून वीज वाचविणे म्हणजे दक्षता नव्हे.

सूर्य आणि घर. पुणे शहर सुमारे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास दुपारी सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. त्या वेळी शाळेला सुटी असते. म्हणून शिक्षकांनी डिसेंबरच्या उत्तरार्धात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, पटांगणात एक मीटर उंचीची काठी उभी करावी. तिची सावली उत्तरेकडे सुमारे ९० सेंटिमीटर पडते. या दोन गोष्टींवरून विद्यार्थ्यांना पुढील निष्कर्ष काढू द्यावेत. उन्हाळ्यात घराचे छप्परच सर्वाधिक तापते. दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. परंतु पश्चिमेचे कलते ऊन छज्जाखालून आत शिरते. अशा खिडकीला बाहेरून चिक लावावी किंवा समोर झाड लावावे. आतील पडद्यापर्यंत पोहोचलेली उष्णता घरात आलेलीच असते.

शक्य असल्यास पुण्यातील विश्रामबागवाडा वर्गास दाखवावा. वाड्यांच्या जाड भिंती दिवसा सावकाश तापतात आणि चौकातून तापलेली हवा वर निघून जाते. याउलट पत्र्याचे छप्पर थोड्याच वेळात तापून उष्णता खाली सोडते. अशा छपरावर चुन्याची सफेदी केल्यास पुष्कळसे ऊन परत फेकले जाते. खाली थोडी मोकळी जागा ठेवून दुसरे आच्छादन बसविल्यास खोली आणखी सुसह्य होते.

गणित. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. यावरून ३० दिवसांची उदाहरणे सोडवून घ्यावीत.

(१) ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास : ९ युनिटे. ९ वॅटचा एलईडी दिवा तितकाच वेळ : १.३५ युनिटे.

(२) ७५ वॅटचा पंखा रोज १० तास : २२.५ युनिटे. नव्या बनावटीचा ३० वॅटचा पंखा : ९ युनिटे.

(३) १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.३५ युनिट लागते. चौघांच्या रोजच्या एकेका बादलीस : ४२ युनिटे.

तिसरे उत्तर पाहून विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटेल. दिव्याचे बटण बंद करण्याची सवय चांगलीच. पण खर्चाचे मोठे कारण न्हाणीघरात आहे, हे मोजल्यावाचून कळत नाही. सूर्यबंबाचे महत्त्व येथे सांगावे.

गृहपाठ. विद्यार्थ्यांनी सात दिवस ठराविक वेळी घरातील मीटरचा आकडा वहीत लिहावा. त्यानंतर घरच्यांच्या संमतीने एकच बदल करून पुढील सात दिवसांचे आकडे घ्यावेत व दोन्ही आठवड्यांची तुलना करावी. मीटरला हात लावू नये आणि छपरावर चढू नये, अशी सक्त सूचना द्यावी.

शिक्षकांसाठी. कोणाचेही वीजबिल वर्गात वाचून दाखवू नये व बिलाच्या रकमेवरून क्रम लावू नयेत. पत्र्याच्या एका खोलीत, एका दिव्याखाली, घामाघूम होऊन अभ्यास करणाऱ्या मुलाच्या घरचे बिल सर्वांत कमी असेल. तो दक्षतेचा नव्हे, अभावाचा आकडा आहे. त्या मुलाला शाबासकी देऊन त्याच्या घरचा प्रश्न सुटत नाही. त्याच्या छपराची उष्णता कशी कमी होईल, याचा विचार मात्र सर्व वर्गाने मिळून करता येतो. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच घराच्या मागील आठवड्याशी व्हावी. ज्यांच्या घरी मीटर नाही, त्यांना शाळेच्या मीटरचे आकडे घेण्याचे काम सोपवावे.