काळजी वाटणे, काळजी करणे, काळजी घेणे

नाम आणि क्रियापद यांचे साहचर्य आपण मागील उपघटकात अभ्यासले. त्याच दृष्टीने येथे हवामानबदलाच्या चिंतेकडे पाहावयाचे आहे. हा अनुभव आपणांपैकी अनेकांना परका नसेल. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढल्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' आले. अरबी समुद्र तापत चालला आहे, हे ठाऊक असलेल्या बागायतदाराला वाऱ्याच्या नुसत्या बातमीने धडकी भरली, तर त्यास मनाचा दुबळेपणा म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांच्या सर्वेक्षणात ५९ टक्क्यांनी आपणांस तीव्र काळजी वाटते, असे सांगितले. ही चिंता म्हणजे आजार नव्हे. झोप, भूक किंवा काम बिघडू लागले, तर मात्र समुपदेशकाची मदत अवश्य घ्यावी.

आता भाषेकडे वळू. घडून गेलेल्या संकटाचा 'धसका' बसतो, येऊ घातलेल्याची 'धास्ती' वाटते, आणि 'घोर' जिवाला लागतो. या तिन्ही रचनांत अनुभवणारी व्यक्ती स्वतः काहीच करीत नाही. जे होते ते तिला होते. 'मला काळजी वाटते' या वाक्यातील 'मला' हे चतुर्थीचे रूपही तेच सांगते. 'मी काळजी करतो' यात कर्ता प्रथमेत येतो खरा, पण बसल्या जागीच असतो. 'मी काळजी घेतो' म्हणताच त्याला उठावे लागते.

येथे एक अडचण उद्भवते. 'पावसाची काळजी वाटते' हे सहज मराठी आहे. 'पावसाची काळजी घेतो' असे कोणी म्हणत नाही. 'घेणे' या क्रियापदास आवाक्यातले नाम लागते: विहीर, बांध, रोप, उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात एकटी राहणारी शेजारची आजी. 'पृथ्वीची काळजी घ्या' ही घोषणा पोकळ वाटते, ती बहुधा यामुळेच. (घोषणा लिहिणाऱ्यांना व्याकरण शिकवावे, असे मला अनेकदा वाटते.) म्हणून क्रियापद बदलावयाचे, तर नामही बदलावे लागते. आजीच्या घरी दुपारी पाणी पोहोचवल्याने तापमानवाढ थांबत नाही. तिचा मोठा भार कोळसा आणि तेल जाळणाऱ्या अर्थव्यवस्थांवर आहे व त्याचा जाब शासनास विचारणे हेही आपले काम आहे. परंतु तेवढ्या वेळापुरते आपले वाक्य चतुर्थीतून प्रथमेत येते.

स्वयं-अध्ययन : पाऊस लांबला असता वाटणाऱ्या अस्वस्थतेसाठी आपल्या बोलीत कोणते शब्द आहेत? प्रत्येकाबरोबर येणारे क्रियापद लिहा. 'ची काळजी घेतो' यापूर्वी ठेवता येतील अशी आपल्या परिसरातील तीन नामे नोंदवा.