उष्णतेचा उपसा करणारे यंत्र

अंथुर्णे व परिसरातील गावांना पाण्याचा उपसा नवा नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आपण होऊन उंचावरील शिवारात चढत नाही. पंप लावून, शक्ती खर्चून ते चढवावे लागते. वातानुकूलन यंत्रातील कॉम्प्रेसर उष्णतेच्या बाबतीत हेच कार्य करतो. तो थंडी निर्माण करीत नाही. खोलीतील उष्णता उपसून बाहेरच्या ४० अंश सेल्सिअसच्या उन्हात नेऊन टाकतो.

माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ती माठाची उष्णता घेऊन जाते. ही वाफ हवेत विरते व माठ पुन्हा भरावा लागतो. यंत्रात मात्र वाफ परत मिळविली जाते. आजच्या अनेक घरगुती यंत्रांतील आर-३२ हा द्रव सामान्य दाबाखाली उणे ५२ अंशांच्या सुमारास उकळतो. खोलीतील नळ्यांत तो उष्णता शोषून वायुरूप होतो. कॉम्प्रेसर हा वायू ओढून दाबतो, तेव्हा त्याचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही वर चढते. बाहेरील पेटीत उष्णता सोडून तो पुन्हा द्रव बनतो आणि बारीक नळीतून जाताना दाब उतरल्याने थंड होतो.

तोच द्रव वर्षानुवर्षे फिरत असल्याने ‘गॅस संपला’ या म्हणण्याला अर्थ नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती न बुजविता नवा भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो. हे काम प्रशिक्षित कारागिराचेच.

एक टनाचे यंत्र तासाला साडेतीन युनिटांइतकी उष्णता बाहेर टाकते व त्यासाठी साधारण एक युनिट वीज घेते. उपशाची उंची वाढली की खर्च वाढतो. म्हणून २४ऐवजी १८ अंश ठेवणे महाग पडते.

ग्रामीण भागात खरा धोका विजेच्या लपंडावाचा. यंत्र बंद पडताच लगेच सुरू केल्यास दोन्ही बाजूंचे दाब समान झालेले नसतात. कमी व्होल्टेजवर मोटार अडखळते, अधिक प्रवाह ओढते आणि तिची गुंडाळी जळते. आपोआप विलंब करणारी सोय यंत्रात नसेल, तर निदान तीन मिनिटे थांबावे. दूध संकलन केंद्रातील शीतटाकीलाही हाच नियम लागू आहे. तेथे दूध ४ अंशांपर्यंत निववावे लागते; कॉम्प्रेसर जळाला, तर उन्हाळ्यात संध्याकाळचे दूध सकाळपर्यंत टिकत नाही.