जोराला काम दे

चि. मृणाल हिस,


मिक्सर लागला की तुझा ईशान कान झाकून किंचाळतो आणि तोच दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतो, दारावर धडकतो. मग हा घाबरट की दांडगट, असं तुझ्या सासूबाई विचारतात. त्यांना सांग, एकाच मुलाला एक संवेदना झेपत नाही आणि दुसरी पुरत नाही. कानाला मिक्सर फार होतो, पण स्नायू-सांध्यांना आणखी जोर हवा असतो. आमच्या ऑक्युपेशनल थेरपीतल्या जीन एअर्स यांनी संवेदनांच्या या गोंधळावर १९७२ साली अमेरिकेत पुस्तक लिहिलं. स्वमग्नतेच्या तिथल्या निदान-निकषांत मात्र तो २०१३ साली आला, एवढा उशीर!

‘सवय होईल’ म्हणून मिक्सर मुद्दाम त्याच्यापुढे लावू नका. त्याने धास्तीच वाढते. आधी सांग, दुसऱ्या खोलीत जाऊ दे, नाहीतर बटण त्यालाच दाबू दे. आणि उड्यांवर ओरडण्यापेक्षा त्या जोराला काम दे. जेवायला बसवण्याआधी भरलेली बादली ढकलू दे, कणीक तिंबू दे, बटाट्यांची पिशवी उचलू दे. झोपेसाठी वजनदार ब्लँकेट मात्र घेऊ नकोस. ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांवर त्याची चाचणी झाली, २०१४ साली निकाल आला. मुलांना ते आवडलं, झोप काही वाढली नाही. घरात गोधड्या आहेत, त्यात गुंडाळून लोळव; तोंड उघडं ठेव आणि तो म्हणेल तेव्हा सोड.

गाड्या रांगेत लावतो? लावू दे. हातातली गाडी काढून ‘अशी चालव’ शिकवणाऱ्या मोठ्यांचा मला रागच येतो. शेजारी बसून पुढची गाडी दे. काही दिवसांनी दोन्ही हातांत एकेक धर आणि गप्प थांब. त्याने तुझ्याकडे बघून एक निवडली, तर बोलणं झालंच की तुमचं.

चड्डी शेवटाकडून शिकव. गुडघ्याच्या वरपर्यंत तू चढव, कमरेपर्यंत त्याने ओढायची. ते जमलं की गुडघ्यापासून, मग घोट्यापासून. म्हणजे काम पुरं केल्याचा मान रोज त्याचा.

केस घरीच काप, आंघोळीच्या आधी, कात्रीने. मशीनची घरघर नको. आधी डोक्यावर तळहात घट्ट दाब, कारण हलका स्पर्श अशा पुष्कळ मुलांना बोचतो. अर्धंच डोकं झालं तर राहू दे, उरलेलं उद्या. शाळेत कुणी हसलं तर त्यांना माझा फोन नंबर दे.

तुझी,
सुमनमावशी