मीटर कोठून आला?

वरच्या इयत्तेतील एखादा चौकस विद्यार्थी विचारतो की, पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर इतका सोपा आकडा कसा? हा योगायोग नव्हे. पृथ्वी मोजूनच मीटर घडविला गेला. दशमान परिमाणांचा पाठ येथून आरंभिल्यास तो कोष्टकांच्या पाठांतरापेक्षा अधिक रुजतो, असे आम्हांस वाटते.

फ्रान्समध्ये पूर्वी प्रांतागणिक, किंबहुना गावागणिक मापे निराळी असत. धान्याचा खंड घेणाऱ्या जमीनदाराच्या हातीच पुष्कळदा माप असे. तेव्हा नुकसान कोणाचे होई, हे शेर-पायलीचा व्यवहार ठाऊक असणाऱ्यांस सांगणे नको. १७८९ साली राजाकडे गेलेल्या गाऱ्हाण्यांत एकच माप असावे, ही मागणी ठिकठिकाणी आढळते.

परंतु माप कोणाचे धरावे? पॅरिसचे धरल्यास इतर प्रांत रुसणार. म्हणून जे कोणा एकाचे नव्हे, असे माप शोधण्यात आले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग तो मीटर, असे १७९१ मध्ये ठरले.

१७९२ मध्ये दलाँब्र व मेशँ हे ज्योतिर्विद डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर त्रिकोणांच्या साहाय्याने मोजण्यास निघाले. काळ क्रांतीच्या धामधुमीचा. मनोऱ्यांवरून दुर्बिणी रोखणाऱ्यांचा लोकांस संशय येई. दलाँब्र यांस अटकही झाली. मेशँ युद्धामुळे स्पेनमध्ये अडकले. तेथे अक्षांशाच्या दोन मोजण्यांत त्यांना सुमारे ३ विकलांचा फरक आढळला. तो त्यांनी लपविला आणि १८०४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे शल्य बाळगले. पुढे त्यांचे कागद तपासताना दलाँब्र यांस तो उमगला. मीटर सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड राहिला खरा. पण त्याचे मुख्य कारण पृथ्वीच्या चपटेपणाचा चुकलेला अंदाज हे होय. मेशँ मात्र स्वतःलाच दोष देत गेले.

१७९५ च्या कायद्याने मापांस नावे मिळाली व १७९९ मध्ये प्लॅटिनमचा मीटर सिद्ध झाला. तरीही लोक जुनी मापे सोडीनात. १८१२ मध्ये नेपोलियनने त्यांस सवलत दिली. दशमान पद्धतीची पुन्हा पूर्ण सक्ती झाली ती १८४० पासून. भारतात १९५६ चा कायदा होऊन १ ऑक्टोबर १९५८ पासून ही वजने टप्प्याटप्प्याने आली. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते.

उपसर्ग शिकविताना एक खूण सांगावी: मोठ्या मापांचे डेका, हेक्टो, किलो हे ग्रीक, लहान मापांचे डेसी, सेंटी, मिली हे लॅटिन. फळ्यावर ते दोन रकान्यांत, मध्ये मीटर ठेवून लिहावेत.