आरामखुर्चीची कुळकथा

घडीची कापडी आरामखुर्ची तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. कापड ज्या दांडीवर ओवलेलें असतें ती दांडी हळूच काढून घ्यावी आणि आजोबा बसावयास आले कीं दाराआडून पाहावें, हा खोडसाळपणाही कित्येकांनीं केला असेल. मीं तो एकदां केला व त्याबद्दल वडिलांच्या हातचा प्रसादही मिळाला. आमच्या आजोबांस दमा होता. आडवें निजलें कीं त्यांचा श्वास कोंडे. म्हणून पावसाळ्यांत रात्रीच्या रात्री ते त्या खुर्चीवर काढीत. जिला मी आळसाचें आसन समजत होतों ती त्यांची शय्या होती, हें मला त्या वयांत उमगलें नाहीं. पुढें ह्या खुर्च्यांचा इतिहास वाचूं लागलों तेव्हां आढळून आलें कीं, ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नव्हे. आरामखुर्चीच्या घडणींत जे मोठे फेरबदल झाले, त्यांतले कित्येक दुखणेकऱ्याच्या सोयीसाठींच झालेले आहेत.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप हा १५८१ पासून पोर्तुगालचाही राजा होता. अर्थात् आपला गोवाही त्या काळीं त्याच्याच सत्तेखालीं होता. एवढा पृथ्वीपति, परंतु उतारवयांत वातरक्तानें त्याचे सांधे असे धरले कीं उठणें-बसणें कठीण झालें. त्याच्या पदरीं अँटवर्पचा झां लेर्मीत नांवाचा सेवक होता. त्यानें राजासाठीं योजलेल्या खुर्चीचें चित्र आपल्या आठवणींच्या ग्रंथांत काढून ठेविलें आहे. तिची पाठ व पायांखालची फळी ह्या दोहोंस दांतेरी पट्ट्या असून, वाटेल त्या दांत्यांत अडकवून राजाला बसतें, अर्धवट टेकलेलें किंवा जवळजवळ निजतें करतां येई. गादींत घोड्याचे केस भरलेले असत. राजा १५९८ सालीं वारला. शेवटच्या वर्षांत दिवसचा दिवस तो ह्या खुर्चीवर असे.

ही दांत्यांची युक्ति पुढें श्रीमंतांच्या महालांत शिरली. लंडनजवळच्या हॅम हाऊस ह्या वाड्याच्या १६७९ सालच्या यादींत ‘निजण्याच्या खुर्च्या’ नोंदलेल्या आहेत. त्यांचीही पाठ मागें झुकते. सामान्य गृहस्थाच्या दिवाणखान्यांत मात्र ती यावयास आणखी दोन शतकें लागलीं. १८६६ च्या सुमारास विल्यम मॉरिस ह्याच्या मंडळीच्या एका व्यवस्थापकानें ससेक्स परगण्यांतील एका वृद्ध सुताराकडे मागें कलणाऱ्या पाठीची खुर्ची पाहिली व तिचें टिपण लंडनला धाडलें. फिलिप वेब ह्यानें तें सुधारून घेतलें. पाठीमागें एक आडवी दांडी. ती पुढच्या किंवा मागच्या खुंटीस लावली कीं पाठ उभी राही किंवा कले. ह्या खुर्चीस सारें जग ‘मॉरिस खुर्ची’ म्हणतें. कल्पना सुताराची, आंखणी वेबची आणि नांव मॉरिसचें! असें अन्यत्रही पुष्कळदां घडतें.

इथपर्यंत लाकूड सरळच होतें. मऊपणा येई तो गादीनें. लाकडालाच शरीराचा बांक देण्याची विद्या मिखाएल टोनेट ह्या जर्मन सुतारानें व्हिएन्नांत सिद्ध केली. लाकूड दाबलेलें सोसतें, ताणलेलें सोसत नाहीं. वांकवितांना बाहेरची बाजू ताणली जाऊन तडकते. म्हणून त्यानें वाफेंत मऊ केलेल्या बीचच्या दांड्याच्या बाहेरच्या अंगास लोखंडी पट्टी घट्ट आवळली. आतां ताण पट्टीवर, दाब लाकडावर. दांडा न मोडतां वळला. १८६० सालीं त्यानें केलेली झुलती खुर्ची ह्याच रीतीची आहे. तिचा रोग्यांशीं संबंध नाहीं हें खरें. पण वांकविलेल्या लाकडाचें हें प्रकरण ठाऊक असलें म्हणजे पुढचें समजण्यास सोपें जातें.

फिन्लंडांत पाइमिओ येथें क्षयरोग्यांचें आरोग्यधाम बांधण्याचें काम आल्वार आल्तो ह्या तरुण वास्तुशिल्पज्ञाकडे आलें. तें १९३३ सालीं पुरें झालें. स्ट्रेप्टोमायसिन हें औषध सांपडलें १९४३ सालीं. तोंपर्यंत क्षयावर उपाय म्हणजे मोकळी हवा, सूर्यप्रकाश, चांगलें अन्न आणि महिनोन्महिने विश्रांति. मिरजेजवळ वानलेसवाडीचें आरोग्यधाम निघालें तेंही त्याच काळांतलें. त्या वेळीं पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांची युरोपांत मोठी चाहा होती. आल्तोस त्या रुचल्या नाहींत. दिवसभर बसून राहणाऱ्या रोग्याच्या अंगाला पोलाद थंड लागतें. त्यानें व त्याची पत्नी आयनो हिनें बर्चचे पातळ पापुद्रे चिकटवून दोन बंद कड्या वळविल्या आणि त्यांच्यामध्यें प्लायवुडचा एकच अखंड पत्रा बसविला. त्याचीं वरचीं व खालचीं टोंकें गुंडाळीसारखीं वळविलेलीं असल्यामुळें तो किंचित् लवतो. गादी नसूनही टोंचत नाहीं. पाठीचा कल तर अशा बेतानें ठेविला कीं रोग्याची छाती मोकळी राहावी व श्वास सुखानें घेतां यावा. हें वाचतांना मला आमचे आजोबा आठवले. शेजारच्या रोग्याची झोंप मोडूं नये म्हणून हात धुण्याच्या भांड्यांत पाणी आवाज न करतां पडेल अशीही योजना तेथें केली होती! माझ्या मतें ह्या सर्व कुळांत हीच खुर्ची श्रेष्ठ.

अमेरिकेंत चार्ल्स व रे ईम्स हें दांपत्य आपल्या बिऱ्हाडांतच प्लायवुड वळविण्याचे प्रयोग करी. दुसऱ्या महायुद्धांत जखमी सैनिकांच्या पायांस बांधावयाच्या धातूच्या फळ्या हलवाहलवींत थरथरत आणि जखम वाढे. १९४२ सालीं ईम्स दांपत्यानें पायाच्या आकाराची प्लायवुडची फळी तयार केली व अमेरिकन आरमारानें ती हजारोंनीं घेतली. त्या कामांत हस्तगत झालेली विद्या युद्धानंतर खुर्च्यांस लागली. १९५६ सालची त्यांची चामडी गाद्यांची, तीन वळणदार कवचांची आरामखुर्ची आज श्रीमंतीचें लक्षण मानली जाते. तिचें मूळ मोडलेल्या पायांत आहे हें थोड्यांच्याच ध्यानीं येतें. हेंच दांपत्य १९५८ सालीं आपल्या देशांत आलें होतें. त्यांनीं भारत सरकारास दिलेल्या अहवालांत आपल्या साध्या लोट्याच्या घडणीची वाखाणणी आहे, आणि त्या अहवालांतूनच १९६१ सालीं अहमदाबादेची राष्ट्रीय अभिकल्प संस्था निघाली.

घरीं जुनी सागवानी आरामखुर्ची असेल तर ती उलटी करून मागच्या टेकणाच्या खाचा पाहा. जी खाच अधिक वापरली गेली तिच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात. त्यावरून बसणारा वाचीत बसे कीं निजे, हें ओळखतां येतें. आमच्या खुर्चीला तीन खाचा आहेत. अगदीं निजती करणारी शेवटची खाच अजून नव्यासारखी आहे. मधली इतकी झिजली आहे कीं तींत आतां दांडी ठरत नाहीं.