मशीन रीबूट करण्याआधी

खरवई एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात प्लांटवरच्या स्क्रीनवर बॅच नंबर नवा आणि वजन मात्र आधीच्या बॅचचं दिसलं. ऑपरेटरने हातातल्या कागदाशी ताडून पाहिलं, म्हणून रिअ‍ॅक्टरमध्ये भलतंच वजन पडलं नाही. मी लिनक्स कर्नलच्या फाइल सिस्टिमवर काम करतो आणि राहायलाही जवळच, म्हणून बोलावणं आलं. पोचलो तोवर कुणीतरी मशीन रीबूट केलं होतं. आकडा बरोबर झाला, पण पुरावा पुसला गेला.

पुन्हा तसं घडलं तेव्हा कुणाला हात लावू दिला नाही. स्क्रीनवरचे आकडे सर्व्हरवरच्या एका फाइलमधून येत होते; सर्व्हरवर आणि क्लायंटवर, म्हणजे स्क्रीनच्या मशीनवर, त्या फाइलचा चेकसम काढला, तो जुळेना. आकारमान मात्र दोन्हीकडे तेच, बदलाची वेळही नॅनोसेकंदापर्यंत तीच. नेटवर्कवरून फाइल पुरवणाऱ्या एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीचा क्लायंट फाइल उघडताना सर्व्हरला एवढंच विचारतो: कधी बदलली, केवढी आहे? उत्तर तेच आलं, की स्वतःच्या मेमरीतली प्रत पुढे करतो. इथे सर्व्हरवरचा प्रोग्रॅम आधी नंबर आणि पाठोपाठ वजन लिहीत होता. जुन्या कर्नलमध्ये फाइलवरची वेळ घड्याळाच्या टिकनुसार पडते. सेकंदाला २५० टिक असतील, तर ४ मिलिसेकंदांत झालेल्या दोन्ही बदलांवर एकच वेळ. क्लायंटने नेमकं त्या फटीत वाचलं होतं.

म्हणून सांगतो, आधी थोडं थांबून पाहा. एनएफएस फाइलची माहिती साधारणपणे ३ ते ६० सेकंद जपून ठेवतं; तेवढ्यात आकडा सुधारला तर तो दोष नव्हे. तासाभरानेही जुनाच दिसला, तर चेकसम, वेळा, माउंटचे पर्याय आणि दोन्हीकडची कर्नल आवृत्ती लिहून घ्या, मगच रीबूट. ‘नोएसी’, म्हणजे फाइलची माहिती जपून न ठेवण्याचा माउंटचा पर्याय, लावा असं कुणीही सांगेल. त्याने सर्व्हरला वारंवार विचारणा होते, काम मंदावतं. पण उत्तरच तेच येत असेल तर उपयोग शून्य. कर्नलमध्ये दर वेळी सगळी कॅशे फेकणारा पॅच तर मला धोक्याचाच वाटतो: सर्व्हरवर न पोचलेली मेमरीतली पानं त्यात गेली, तर कुणाचं तरी लिहिलेलं कायमचं जातं.

खरा इलाज सर्व्हरवर आहे. लिनक्स ६.१३ पासून एक्सएफएस, ईएक्सटी४ यांसारख्या फाइल सिस्टिमवर कुणी वेळ विचारून गेलं असेल, तर पुढच्या बदलावर अधिक बारीक वेळ पडते. कर्नल बदलता येत नसेल, तर प्रोग्रॅमला पूर्ण मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायला लावा आणि मग तिचं नाव बदलून मूळ फाइलच्या जागी ठेवा. अर्धवट लिहिलेली फाइल मग कुणाला दिसतच नाही.